लसणाचा फुलदांडा : काढावा की राहू द्यावा?

जूनच्या मध्यावर अमेरिकेच्या उत्तर आणि ईशान्य भागात, तसंच कॅनडातल्या ऑन्टॅरिओत, परसातल्या लसणाच्या वाफ्यात एक वेगळीच हालचाल सुरू होते. पानांच्या मधोमध एक गोल, गुळगुळीत, हिरवा दांडा वर येतो, टोकाला लांबट, चोचीसारखी कळी धरतो आणि चार-आठ दिवसांत वळून वेटोळं घालतो. लसूण काढायला अजून तीन-चार आठवडे असतात. मग दर वर्षीचा प्रश्न निघतो: हा दांडा खुडायचा, की असू द्यायचा? बहुतेक सल्लापत्रकं एका वाक्यात निकाल लावतात. काढा, म्हणजे गड्डा मोठा होईल. पण किती मोठा, कोणत्या जातीत, कसल्या जमिनीत, आणि नाही काढला तर नेमकं काय बिघडतं, असं खोदून विचारलं की उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी तिसरा हिस्सा उत्पन्न बुडतं म्हणतं, कुणी फरकच पडत नाही म्हणतं. या वादात आज काय पक्कं आहे आणि काय कच्चं, ते पाहण्यासाठी हा आढावा.

आपल्याकडे हा प्रश्न का पडत नाही

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं थोडं परकं वाटेल. आपल्याकडे लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. इथल्या जाती, मग ती गावठी असो, यमुना सफेद असो, की राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल, मैदानी हवेत साधारणपणे दांडा धरत नाहीत. त्यांची मान मऊ राहते, पात सुकली की वेणी घालता येते. त्यामुळे परदेशातले बागकामाचे व्हिडिओ पाहून पुण्याच्या गच्चीवर कुंडीतल्या लसणाचा दांडा कधी येतो याची वाट पाहणाऱ्याने ती सोडून द्यावी. आणि दांडा समजून पातही छाटू नये. पातीची चटणी करायची असेल तर त्यासाठी चार पाकळ्या वेगळ्या लावाव्यात, कारण प्रत्येक पान कापलं की गड्ड्याची शिदोरी तेवढी कमी होते.

कांद्याच्या शेतकऱ्याला डेंगळे ओळखीचे असतात, म्हणून त्याला हा दांडाही डेंगळाच वाटण्याचा संभव आहे. दिसायला साम्य आहे, पण व्यवहार उलटा आहे. कांद्यात डेंगळा येणं हा पिकाचा बिघाड. त्याने कांद्याच्या मध्यात कडक गाभा तयार होतो, तो कांदा टिकत नाही, आणि डेंगळा मोडून टाकला तरी झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. थंड देशांतल्या कडक मानेच्या लसणात मात्र दांडा येणं हा त्या झाडाचा स्वभावच आहे. दांड्याच्या बुंध्याभोवती पाकळ्या गोल मांडलेल्या असतात, आणि दांडा आला म्हणून लसूण बाद होत नाही.

न्यू जर्सी, ऑन्टॅरिओ, मिनेसोटा या भागांत राहणाऱ्या मराठी घरांना मात्र हा प्रश्न थेट भिडतो. तिथेही पाकळ्या दसरा-दिवाळीच्याच सुमारास लावायच्या, पण नंतर लसूण बर्फाखाली झोपतो, मार्च-एप्रिलमध्ये उठतो आणि निघतो तो आषाढात. एवढी थंडी आणि नंतर एवढे लांब दिवस मिळाले की कडक मानेचा लसूण दांडा धरणारच. तरीही काहींच्या वाफ्यात तो येत नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा किराणा दुकानात असतं. तिथे मिळणारा लसूण बहुधा मऊ मानेचा असतो. तो लावला तर दांड्याचा प्रश्नच उरत नाही.

दांडा म्हणजे झाडाचं काय चाललेलं असतं

वनस्पतीच्या दृष्टीने तो फुलोऱ्याचा देठ आहे. टोकाच्या चोचीत पातळ पापुद्र्याआड फुलांच्या कळ्या असतात आणि त्यांच्यात दाटीवाटीने वाढणाऱ्या बारीक कंदिका असतात. कंदिका म्हणजे हवेत धरलेल्या छोट्या पाकळ्याच. बहुतेक जातींत कंदिका इतक्या जोरात वाढतात की फुलं उमलण्याआधीच सुकून जातात. माणसाने हजारो वर्षं पाकळीपासून पाकळी असाच लसूण वाढवला, त्यामुळे बी धरण्याची क्षमता जवळजवळ गेली असं बराच काळ मानलं जात होतं. १९८०च्या दशकात जपानी संशोधक ताकेओमी एतोह यांनी मध्य आशियाशी संबंधित काही वाणांत सुपीक फुलं दाखवून दिली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले फिलिप सायमन मध्य आशियात जाऊन लसणाचे वाण गोळा करून आले. पुढे इस्रायलमधल्या रीना कामेनेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दांडा कधी सुरू होतो, कधी लांबतो आणि कधी मध्येच थांबतो, याचा थंडीशी आणि दिवसाच्या लांबीशी असलेला संबंध बारकाईने उलगडला.

या कामाचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की दांडा ही एकच एक गोष्ट नाही. दांडा सुरू होणं, लांबणं, कंदिका भरणं आणि फुलं येणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला हवामान वेगळं लागतं. एकच वाण एका गावी उंच दांडा काढतो आणि दुसरीकडे निम्म्यातच थांबतो. बागेतल्या अनुभवांत एवढी तफावत का, याचा निम्मा उलगडा इथेच होतो.

उरलेला निम्मा जातींत आहे. रोकाम्बोल गटातल्या लसणाचा दांडा दोन-तीन घट्ट वेटोळी घालतो आणि त्यावर कंदिका थोड्या पण टपोऱ्या येतात. पोर्सेलिन गटात, ज्यात ऑन्टॅरिओतला लोकप्रिय ‘म्युझिक’ हा वाण मोडतो, दांडा उंच आणि दणकट, वेटोळी सैल, आणि कंदिका तांदळाच्या दाण्याएवढ्या पण शंभराच्या घरात. जांभळ्या रेघांचा पर्पल स्ट्राइप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. एशियाटिक आणि टर्बन गटांत दांडा आखूड, उलट्या उकारासारखा वाकलेला, आणि तो दिसेपर्यंत लसूण काढणीला आलेलाही असतो. या सगळ्यांना ‘कडक मानेचा’ या एका नावाखाली घालून एकच सल्ला देणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. १९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातले शेतकरी रॉन एंजेलँड यांनी लसणावर जे पुस्तक लिहिलं, त्याने हे गट हौशी बागकाम करणाऱ्यांपर्यंत पोचवले. २००० नंतर झालेल्या जनुकीय अभ्यासांनी त्या वर्गवारीत बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण वाफ्यात उभं राहून निर्णय घेणाऱ्याला ते गट आजही उपयोगी पडतात.

जिथे दांडा हेच पीक आहे

दांडा काढावा का, हा वाद बराचसा उत्तर अमेरिकेचा. चीनमध्ये तो नाही, कारण तिथे दांडा ही भाजी म्हणून विकली जाते, तीही मोठ्या प्रमाणावर. शांडोंग प्रांतातल्या लसणाच्या पट्ट्यात दांडे आधी आणि गड्डे नंतर असे एकाच शेतातून दोन पैसे निघतात. शीतगृहात दांडे कित्येक महिने ठेवून हिवाळ्यात विकतात. तिथे दांडा कापत नाहीत, ओढून काढतात. उन्हं चढल्यावर, झाडं जराशी मलूल झाली की दांडा पानांच्या पोग्यातून सरकन बाहेर येतो. सकाळी झाड ताठ असताना ओढला तर मध्येच तुटतो. कोरियातही दांडा ओढूनच काढतात. त्यासाठी खाली टोचणी मारून दांड्याचा बुंधा सैल करण्याची पद्धत आहे.

इटलीत आब्रुझ्झो भागातला सुल्मोनाचा लाल लसूण याच वाटेचा. त्याचे दांडे ओढून काढतात, त्यांना तिथे ‘झोल्ले’ म्हणतात आणि तेलात घालून वर्षभर पुरवतात. हे सांगण्याचं कारण एवढंच की काढण्याची पद्धत ही मुळात बागेतल्या प्रयोगातून नव्हे, तर खाण्यातून आली असावी असं वाटतं. गड्डा मोठा होतो हे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी मागाहून जोडलं गेलं असेल. अर्थात मागाहून आलेलं स्पष्टीकरण खोटंच असतं असं नाही.

काढणाऱ्यांची बाजू

काढणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. लसणाची पानं जूनमध्ये वाढायची थांबतात. त्यानंतर जे काही अन्न तयार होतं त्याचे वाटेकरी दोन: जमिनीतला गड्डा आणि दांड्याच्या टोकावरच्या कंदिका. गड्डा भरण्याचे शेवटचे आठवडेही नेमके हेच. एक वाटेकरी काढून टाकला की दुसऱ्याच्या पानात जास्त पडतं. यावर पहिला आक्षेप असा की दांडा स्वतः हिरवा असतो, म्हणजे थोडं अन्न तोही तयार करतो. हे खरं आहे, पण कंदिका भरायला लागल्यावर तो जेवढं देतो त्यापेक्षा जास्त घेतो, असं काढणारे म्हणतात.

या युक्तिवादाला मोजमापाचा आधार आहे का? आहे, आणि त्यात सर्वांत उपयोगी प्रयोग मिनेसोटाचा. मिनेसोटा विद्यापीठातले कार्ल रोझेन आणि सिंडी टाँग यांनी १९९६ ते १९९८ या काळात दोन शेतकऱ्यांच्या जमिनींवर कडक मानेचा लसूण घेतला. एक जमीन रेताड, दुसरी पोयट्याची. तीन प्रकार ठेवले: काही वाफ्यांत कुजवलेलं शेणखत, काहींत रासायनिक खत, काहींत काहीच नाही. प्रत्येक प्रकारात अर्ध्या झाडांचे दांडे वेटोळं घातल्यावर काढले आणि अर्ध्यांचे काढणीपर्यंत ठेवले. २००१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पोयट्याच्या जमिनीत दांडा काढण्या-न काढण्याने गड्ड्यांच्या उत्पन्नात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. रेताड जमिनीत पडला, पण तोही खतावर अवलंबून होता. जिथे शेणखत घातलं होतं तिथे दांडे ठेवल्यामुळे झालेली घट पाच टक्क्यांहून कमी. जिथे रासायनिक खत होतं किंवा काहीच नव्हतं, तिथे घट सरासरी पंधरा टक्के.

या आकड्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण वादाची बरीच गाठ इथे सुटते. जो म्हणतो की माझ्याकडे दांडे ठेवूनही गड्डे झक्कास आले, त्याची जमीन चांगली भरलेली असणार. जो म्हणतो की ठेवले तेव्हा गड्डे बारीक निघाले, त्याचा वाफा उपाशी असण्याची शक्यता जास्त. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पोटभर मिळतं तेव्हा वाटेकरी असला-नसला तरी भागतं, हे झाडालाही लागू आहे. मराठी परसातला अनुभवी माणूस हे ऐकून म्हणेल, मग शेणखत घाला की, दांड्याचं काय घेऊन बसलात! आणि त्याच्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. दांडा काढून मिळणारा फायदा आणि चांगलं कंपोस्ट घालून मिळणारा फायदा यांची तुलना केली तर दुसरा बहुतेक वेळा वरचढ ठरेल, असं मला वाटतं.

पोलंडमध्येही १९९०च्या दशकात दांडा काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना झाली होती आणि तिथल्या लसणातही काढण्याने उत्पन्न वाढल्याचं दिसलं. उत्तर अमेरिकेतली काही सल्लापत्रकं न काढल्यास वीस ते तीस टक्के घट होते असं सांगतात. मिनेसोटाच्या आकड्यांपेक्षा हे जास्त आहे, पण अशक्य नाही. हलकी जमीन, पाण्याची ओढ आणि जड कंदिका धरणारा वाण हे तिन्ही एकत्र आले तर घट एवढी होऊ शकेल. अडचण अशी की असे आकडे एका पत्रकातून दुसऱ्यात उतरतात तेव्हा जमीन आणि वाण मागेच राहतात, आणि वाचणाऱ्याला तीस टक्के हा निसर्गाचा नियम वाटायला लागतो.

काढण्याच्या बाजूचा एक मुद्दा तराजूत मावत नाही, पण घरात तोच सर्वांत भारी. दांडा खायला उत्तम लागतो. कोवळा असताना तो श्रावणघेवड्यासारखा कुरकुरीत आणि लसणापेक्षा सौम्य असतो. तिथल्या शेतकरी बाजारात जूनमध्ये जुड्या विकायला येतात आणि पहिल्या तासातच संपतात. आपल्या स्वयंपाकात तो सहज सामावतो: बारीक चिरून, कांद्याच्या पातीला पेरतात तसं डाळीचं पीठ पेरून केलेली भाजी, पिठल्याच्या फोडणीत, मिरच्यांबरोबर तव्यावर भाजून खलबत्त्यात ठेचलेला ठेचा. टोकाची चोच मात्र काढून टाकावी. ती चिवट असते आणि तोंडात सूत राहिल्यासारखं वाटतं. देठाकडचा भाग निबर झाला आहे का हे नखाने कळतं: नख सहज रुतलं तर भाजीला, नाही रुतलं तर वरणात उकळून काढायला.

ठेवणाऱ्यांची बाजू

ठेवणाऱ्यांना आळशी म्हणणं सोपं आहे, पण त्यांची कारणं ऐकण्यासारखी आहेत.

सर्वांत भक्कम कारण बेण्याचं. पाकळ्यांपासून लसूण वाढवत गेलं की जमिनीतले रोग पाकळीबरोबर पुढच्या वर्षी जातात. खोडाला आणि गड्ड्याला लागणारा सूत्रकृमी आणि पांढरी कूज हे दोन रोग एकदा वाफ्यात शिरले की वर्षानुवर्षं हटत नाहीत. कंदिका हवेत, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर वाढतात, त्यामुळे मातीतल्या या रोगांपासून त्या बऱ्याच अंशी सुटलेल्या असतात. विषाणू मात्र झाडातूनच कंदिकेत उतरतात, म्हणून कंदिका म्हणजे निरोगी बेणं असं सरसकट म्हणता येत नाही. वेळही लागतो. रोकाम्बोलच्या टपोऱ्या कंदिकेपासून दोन वर्षांत पाकळ्यांचा गड्डा मिळू शकतो, पोर्सेलिनच्या दाण्याएवढ्या कंदिकेला तीन-चार वर्षं लागतात, आणि मधल्या काळात पाकळ्या न पडलेला एक गोल लसूण हाती येतो. एका दांड्यावरून मिळणारी संख्या मात्र पाकळ्यांच्या कितीतरी पट. महाग वाणाचे दोन गड्डे विकत घेऊन वाफा भरायचा असेल तर ही वाट स्वस्त पडते. त्यासाठी सगळ्या झाडांचे दांडे ठेवायची गरज नाही, चार-पाच झाडांचे पुरतात.

दुसरं कारण काढणीचा अंदाज. गड्डा जमिनीत असतो, त्यामुळे तो कधी तयार झाला हे डोळ्यांना दिसत नाही. खालची तिसरा हिस्सा ते अर्धी पानं वाळली की काढावा हा रूढ ठोकताळा आहे, पण पाऊस, खत आणि रोग यांनी पानं लवकर-उशिरा वाळतात. एखाद-दुसऱ्या झाडाचा दांडा ठेवला तर त्याची वेटोळी सुटून तो ताठ उभा राहणं आणि टोकाचा पापुद्रा फाटणं, ही दोन लक्षणं काढणीची वेळ बऱ्यापैकी सांगतात. अनेक अनुभवी शेतकरी सगळे दांडे काढून दोन-चार खुणेसाठी ठेवतात, तो हाच हिशोब.

तिसरं कारण म्हणजे टिकाऊपणा. दांडा पूर्ण वाढू दिलेला लसूण हिवाळ्यात जास्त टिकतो, त्याची सालं घट्ट राहतात, असं काही जुने शेतकरी सांगतात. उलट कापलेल्या दांड्याच्या जखमेतून पाणी आणि बुरशी आत उतरते, म्हणून कापलेला लसूण कमी टिकतो, असंही ऐकू येतं. मिनेसोटाच्या प्रयोगात सहा महिने साठवून वजनातली घट मोजली होती. तिथे ठळकपणे दिसलं ते तापमानाचं महत्त्व: शून्याच्या जवळ ठेवलेला लसूण घरच्या तापमानात ठेवलेल्यापेक्षा कितीतरी कमी सुकला. टिकवणुकीचा विचार करणाऱ्याने दांड्याआधी साठवणीच्या जागेचा विचार करावा, एवढं त्यातून निघतं.

आणि चौथं कारण बियांचं. खरं बी मिळालं तर नवे वाण निर्माण करता येतात आणि विषाणूंचं जुनं ओझंही बरंचसं मागे टाकता येतं. पण त्यासाठी फुलोरा उघडल्यावर चिमट्याने एकेक कंदिका वेचून काढावी लागते, फुलांना इजा होऊ न देता, आणि तीही सुपीक वाणांतच. काही जण दांडा कापून पाण्यात ठेवतात आणि तिथे फुलं जगवतात. हे काम मूठभर संशोधकांचं आणि थोड्या चिकट हौशी लोकांचं आहे. तरी ज्याला ते करायचं आहे, त्याच्यासाठी ‘दांडा काढा’ हा सल्ला उघडच चुकीचा ठरतो.

कधी काढावा

वेळेबद्दल तीन मतं चालतात. पहिलं: दिसताक्षणी. दुसरं: एक वेटोळं पूर्ण झाल्यावर. तिसरं: काढायचाच आहे तर घाई नको, वेटोळं सुटायच्या आत केव्हाही.

दिसताक्षणी काढण्यामागचा विचार असा की वाटेकरी जेवढा लवकर जाईल तेवढा बरा. पण त्या अवस्थेत दांडा अजून पोग्यातून वर सरकत असतो. कापला तरी उरलेला तुकडा वाढत राहतो आणि आठवड्याने वाफा परत फिरावा लागतो, असा अनेकांचा अनुभव आहे. शिवाय भाजीला काही मिळत नाही. अगदी उशिरा, वेटोळी सुटल्यावर काढला तर दांडा निबर होतो आणि कंदिकांनी त्यांचा वाटा घेतलेलाच असतो. म्हणून एका वेटोळ्याचा टप्पा हा मधला मार्ग सर्वमान्य झाला. मिनेसोटाच्या प्रयोगातही दांडे याच टप्प्यावर काढले होते. त्याचा अर्थ तो टप्पा इतरांपेक्षा चांगला ठरला असा नाही, तो टप्पा प्रयोगासाठी निवडला एवढाच. हा फरक पत्रकांत पुष्कळदा पुसला जातो.

‘एक वेटोळं’ हा मापदंडही सगळ्या गटांना बसत नाही. रोकाम्बोल वेटोळं लवकर आणि घट्ट घालतो, पोर्सेलिन आळसावल्यासारखा वळतो, टर्बन नुसता वाकतो, वेटोळं घालतच नाही. अशा वेळी नखाची परीक्षा वेटोळ्यापेक्षा विश्वासू: सर्वांत वरच्या पानाच्या वर दांड्यात नख रुततंय तोवर काढून घ्यावा.

कसा काढावा

तीन पद्धती आहेत: कात्रीने कापणं, हाताने मोडणं, ओढून काढणं. सर्वांत वरचं पान जिथून फुटतं त्याच्या जरा वर बोटांत धरून वाकवलं की कोवळा दांडा काडकन मोडतो. मोडला नाही आणि वाकूनच राहिला, तर तो निबर झाला असं समजावं. मोडण्याचा फायदा असा की एका झाडाचा रस कात्रीवरून दुसऱ्या झाडाला लागत नाही. कात्री वापरायची तर ती अधूनमधून स्पिरिटने पुसावी, विशेषतः वाफ्यात पिवळी पडलेली झाडं असतील तर. ओढून काढल्याने भाजीला कोवळा, फिकट देठ जास्त लांब मिळतो, पण ओढताना पोगा फाटला किंवा वरचं पान निघून आलं तर गड्ड्याला जे मिळणार होतं त्यातच कपात होते. चिनी शेतकऱ्यांचा हात यात बसलेला असतो, आपला बसेपर्यंत मोडणंच बरं.

कोणत्याही पद्धतीत पानं कापू नयेत, एवढ्या एका गोष्टीवर सर्वांचं एकमत आहे. कोरड्या दिवशी काढावा, म्हणजे जखम संध्याकाळपर्यंत सुकते, यावरही फारसं दुमत नाही. वेळेवर मात्र आहे: सकाळी झाड ताठ असताना मोडायला सोपं, दुपारी मलूल असताना ओढायला सोपं. पद्धत ठरली की वेळ आपोआप ठरते.

काय अजून ठरलेलं नाही

दांडा काढण्याने हलक्या, उपाशी जमिनीत गड्डा वाढतो आणि भरलेल्या जमिनीत फरक नगण्य असतो, एवढं बऱ्यापैकी उभं आहे. पण ते थोड्या ठिकाणच्या, थोड्या वर्षांच्या आणि थोड्या वाणांच्या आधारावर. गटागटाने पाहिलं तर चित्र काय असेल, हे अजून नीट मांडलेलं नाही. जड कंदिका धरणाऱ्या गटांत फायदा जास्त असावा आणि उशिरा, आखूड दांडा काढणाऱ्या टर्बनमध्ये जवळजवळ नसावा, असा तर्क करता येतो. पण तर्क म्हणजे मोजमाप नव्हे.

हवामानाचाही प्रश्न आहे. दांड्याला थंडी लागते. हिवाळे उबदार झाले तर सीमेवरच्या भागांत कडक मानेचा लसूण दांडा अर्धवट सोडील का, आणि सोडला तर गड्डा त्यामुळे मोठा होईल की थंडीअभावी पाकळ्याच नीट पडणार नाहीत? कामेनेत्स्कींच्या कामाने याची चौकट दिली आहे, पण परसातल्या वाणांवर आणि वाफ्यांवर ती अजून पुरेशी तपासली गेलेली नाही.

परसातल्या अनुभवांना पुराव्याचं वजन का येत नाही, याचंही उत्तर सरळ आहे. बहुतेक लोक एका वर्षी दांडे काढतात आणि दुसऱ्या वर्षी ठेवतात, किंवा अर्धा वाफा इकडे आणि अर्धा तिकडे करतात. पहिल्या पद्धतीत दोन वर्षांचा पाऊस वेगळा असतो, दुसरीत वाफ्याच्या एका टोकाला नेहमीच ऊन जास्त पडतं नाहीतर पाणी साचतं. ज्याला स्वतःपुरतं उत्तर हवं आहे, त्याने एकाच वाणाच्या सारख्या आकाराच्या पाकळ्या एकाच ओळीत लावाव्यात आणि एकाआड एक झाडाचा दांडा काढावा. कडेची झाडं मोजणीत धरू नयेत, त्यांना जागा जास्त मिळते. ठेवलेल्या झाडांना दोऱ्याची खूण करावी, कारण काढणीनंतर मान कापली की कोणता कुठला ते कळत नाही. आणि गड्डे काढल्या-काढल्या तोलू नयेत. दांडा ठेवलेल्या झाडांचा कडक देठ ओला असताना जड भरतो आणि निकाल उलटा दिसू शकतो. सावलीत तीन-चार आठवडे वाळवून, मान आणि मुळ्या सारख्याच लांबीवर कापून मग तराजूत टाकावेत.

तसं केल्यावरही तीन टक्क्यांचा फरक घरच्या तराजूवर दिसणार नाही. पंधरा टक्क्यांचा असेल तर दिसेल, आणि दिसला तर दांड्यापेक्षा आधी माती तपासून घ्यावी.